बिनवासाची हवा

घाणीला पाय नसतात, तरी ती चालत येते. तिला दार लागत नाही, कडी लागत नाही, या बसा म्हणावं लागत नाही. फटीतून अंग चोरते, पडद्याला हात पुसते आणि थोरल्या जावेसारखी चुलीपाशी फतकल मारून बसते. नाकराणीच्या स्वयंपाकघरात ती रोज सकाळी अशी येऊन बसायची.

तिचा यायचा राजरस्ता एकच. ओट्याच्या वरच्या अंगाला, गॅसच्या गीझरशेजारी, भिंतीत वीतभर झरोका होता. झरोक्यापलीकडे मागचा चौक, आणि चौकात मासळीवालीची निळी पिंपं. दुकान तिचं पुढच्या रस्त्यावर, पण मासळी साफ व्हायची मागे. कल्ले, आतडी, पित्ताच्या पिशव्या, खवल्यांचा चिखल, सगळं त्या पिंपांत जायचं आणि पिंपं न्यायला गाडी यायची ती आपल्या सवडीनं. भर थंडीतसुद्धा पिंपांच्या काठाला करडा फेस धरायचा आणि त्या फेसासाठी मांजरं भांडायची.

नाकराणी हे नाव सासूनं ठेवलेलं. साबणाच्या कारखान्यात ही वासपारखी होती. कढईतला साबण वड्या पाडण्याआधी हिच्यापुढे यायचा. डोळे मिटून हुंगून ही "जाऊ दे" म्हणाली तर पुढे जायचा, "थांबवा" म्हणाली तर साहेबसुद्धा हातातला चहा तसाच धरून थांबायचे. तेल किती जुनं, सुगंध कुठल्या पिंपातला, ढवळणाऱ्यानं हात धुतले होते की नाही, हे नाक बिनचूक सांगायचं. शेजारणी नासल्यासारखं वाटणारं दूध घेऊन तिच्या दारात उभ्या राहायच्या. आणि सासू मागच्या खोलीत, सुनेला ऐकू जाईल एवढ्याच हळू आवाजात, स्वतः जुळवलेलं गुणगुणायची:

सून माझी नाकराणी, वाऱ्याचीही घेते झडती,
दूध हुंगून सांगते, गाय कुठल्या गवती चरती.

अशा नाकाला कारखान्यात पगार असतो, घरात मात्र नुसती शिक्षा. नवरा बस चालवायचा. आज बसमध्ये कुणी ओकलं होतं का, हे त्यानं बूट काढायच्या आधी बायकोला कळायचं. सासूची कवळी रात्री पाण्याच्या पेल्यात झोपायची. तो पेला नाकराणीनं आजवर हातानं उचलला नव्हता, सांडशीनं उचलायची. ओल्या फडक्याचा वास, उशीच्या खोळीचा वास, सासूच्या गुडघ्यांना लावायच्या तेलाचा वास. बाईच्या अंगावर दागिने असावेत तसे तिच्या अंगावर घरादाराचे वास लटकलेले असायचे आणि एकही तिला नको असायचा.

पण या सगळ्या घाणींची पट्टराणी म्हणजे मागची घाण. थंडी पडली, खिडक्या बंद झाल्या, तसा तिनं त्या पट्टराणीचा बंदोबस्त करायचा ठरवला. एका फाटक्या दुलईचा कापूस काढला, त्याचे बोळे करून झरोक्यात कोंबले आणि वरून रुंद चिकटपट्टी मारली. मागच्या दाराच्या फटीही पट्टीनं लिंपल्या. तो सगळा प्रकार दिसायला इतका ओंगळ झाला, की तिलाच बघवेना. म्हणून झरोक्यावर तिनं फुलांच्या ताटव्याचं कॅलेंडर टांगलं. कापूस पुरला नाही, खालचा एक कोपरा तेवढा उघडा राहिला.

सासू ओट्याला टेकून बघत होती. कुणीतरी झरोका ठेवला तो उगाच ठेवला नसेल, असं ती म्हणाली. ज्यानं ठेवला त्याच्या घरामागे पिंपं नसतील, असं सून म्हणाली, आणि विषय तिथंच मिटला.

त्याच थंडीत नणंद आली. ती एका हॉटेलात खोल्या आवरायची आणि सुट्टीच्या दिवशी आईला भेटायला यायची. येताना कधी फळं आणायची, कधी हॉटेलातून टाकून दिलेले पण धडके टॉवेल. या वेळी तिनं पिशवीतून बशीएवढी एक पांढरी डबी काढली. मधोमध बटण, कडेला मिणमिणता हिरवा दिवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे, असं तिनं सांगितलं. सासूनं ते नाव तोंडात घोळवून पाहिलं, जमेना, तेव्हा तिनं त्याला "लेकीची बशी" म्हणून टाकलं.

नणंदेच्या हॉटेलात अशी बशी खोल्याखोल्यांतून होती आणि तिथल्या सगळ्या बायकांना ती शिकवलेली होती. म्हणून ती शिकवल्यासारखंच बोलली.

"वहिनी, गॅस नीट जळला नाही, त्याला हवा कमी पडली, की हा विषारी वायू तयार होतो. याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. माणसाला वाटतं, दमलो असू. म्हणून ही. मधूनच एकदा टिक करून गप्प बसली, तर बॅटरी संपत आलीय. लागोपाठ चारदा ओरडली, थांबली, परत चारदा ओरडली, तर काही शोधत बसायचं नाही. घरात असेल तेवढ्यांना घेऊन बाहेर पडायचं. फोन बाहेरून करायचा. बंबवाले आत जा म्हणेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही."

मग तिनं स्वयंपाकघर आणि आईची खोली यांच्या मधल्या भिंतीवर, आपल्या कपाळाच्या उंचीला, बशी लावली. गीझरला खेटून नको, पडद्यामागे नको आणि कपाटात तर नकोच, असं बजावलं. दर आठवड्याला बटण दाबून आवाज ऐकायचा, हेही सांगितलं. स्वयंपाकघरात तिनं एक नजर टाकली. फुलांचा ताटवा बघून छान आहे म्हणाली. ताटव्याच्या पाठीमागे काय आहे, ते कुणी तिला सांगितलं नाही.

निघताना ती उंबऱ्यात म्हणाली, "माझी आई या घरात झोपते, म्हणून आणलं हो. राग मानू नका."

राग मानू नका म्हटलं की राग येतोच. नाकराणीला दोन गोष्टी झोंबल्या. एक, माझी आई. जशी काही सून तिला उकिरड्यावरच झोपवत होती. आणि दुसरी, त्याहून खोल गेलेली, वास नाही. जिच्या एका श्वासावर कारखान्याच्या कढया थांबतात, तिच्या घरात येऊन सांगायचं, की तुझ्या नाकाला न कळणारं काहीतरी आहे. तिनं बशी हुंगली. नव्या प्लास्टिकचा गोडसर, किळसवाणा वास आला. घरात आणखी एक वास आला, एवढंच तिला त्या भेटीतून मिळालं.

काही दिवसांनी एका संध्याकाळी बशी ओरडली. सासू आंघोळीला गेली होती. सासूची आंघोळ म्हणजे एक सोहळा असायचा. गुडघे धरलेले, गरम पाण्याखाली ते जरा बोलायला लागायचे, आणि गुडघे बोलायला लागले की सासू गायला लागायची. तोवर गीझर आपला जळतोय, जळतोय. बशी चारदा ओरडली, थांबली, पुन्हा चारदा ओरडली.

नवरा जेवता जेवता उठला आणि त्यानं बशीकडे पाहिलंच नाही. पाहिलं बायकोच्या नाकाकडे. घरात कसलीही शंका आली की सगळ्यांनी तिकडेच बघायचं, ही त्या घराची रीत होती. नाकराणी स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली, डोळे मिटले, हुंगलं. गॅस गळतोय का? नाही. वायर जळतेय का? नाही. झरोक्याच्या उघड्या कोपऱ्यातून मासळीची घाण मात्र सापासारखी आत सरकत होती.

"काही नाही," ती म्हणाली. "त्या घाणीनं ओरडतंय. यंत्राला सुद्धा शिसारी आली."

नवरा हसला. त्यानं पुढचं दार उघडलं, थंड वारा घरात शिरला, आणि थोड्या वेळानं बशी गप्प झाली. झालं. घाण गेली, ओरडणं गेलं. याहून वेगळा पुरावा कुणाला हवा होता? नाकानं सांगितलं आणि बशीनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी नाकराणीनं उशी उसवली, उरलेला कोपरा बुजवून टाकला आणि पट्टीवर पट्टी मारली. बशी भिंतीवरून उतरवून कपाटाच्या खणात ठेवली, डांबराच्या गोळ्यांशेजारी. लेकीची बशी कुठे गेली, असं सासूनं विचारलं, तेव्हा ठेवलीय नीट, असं उत्तर मिळालं.

घाण गेली. खरंच गेली. पहिल्या दिवशी नाकराणी ओट्यापाशी उभी राहून नुसते श्वास घेत राहिली, उपाशी माणसानं घास घ्यावेत तसे.

पण अंगातली शिसारी काही जाईना.

उलट वाढली. सकाळी उठली की डोकं जड, कुणी कपाळाला ओलं फडकं घट्ट बांधल्यासारखं. जेवायला बसली की पोटातून ढवळून यायचं. भाताची वाफ नको, तेलाचा तडका नको, नवऱ्याच्या शर्टाची कॉलर नको. कारखान्यात गेली की दुपारपर्यंत उतरायचं, आणि संध्याकाळी घरात पाऊल टाकून तास होत नाही तोवर पुन्हा चढायचं. तिनं त्याचा एकच अर्थ लावला. या घराचीच तिला किळस आली होती. भिंतींची, भांड्यांची, पेल्यातल्या कवळीची. बघावं तिकडे काहीतरी बुळबुळीत, काहीतरी आंबलेलं. गीझरच्या वर भिंतीला काजळी धरायला लागली होती, तिचीसुद्धा. ती पुसायची, परत धरायची. गीझरची निळी ज्योत हल्ली पिवळी दिसते, असं नवरा एकदा म्हणाला. तो ते दृश्य छान आहे अशा अर्थानं म्हणाला होता.

सासूनं सुनेच्या मळमळीचा वेगळाच अर्थ लावला. तिची वागणूक बदलली. दुखऱ्या गुडघ्यांनी ती स्वतः भाजी चिरायला बसू लागली, सुनेला जड उचलू देईना, आणि जुन्या मऊ साड्या काढून त्यांचे चौकोनी तुकडे फाडून ठेवू लागली. नवऱ्याला ते दिसलं, तो लाजून बायकोशी बोलला. औषधाच्या दुकानातून चाचणीची पट्टी आणली, आणि पट्टीनं नाही म्हटलं. सासूनं ते तुकडे उचलून गुपचूप फडक्यांच्या डब्यात टाकले. त्या दिवशी ती गायली नाही.

आठवड्याभरात सासूच ओकली. मोरीत वाकून, भिंतीला धरून, पित्ताचं पिवळं पाणी. सून दारात नाकाला पदर लावून उभी. सासूनं तोंड पुसलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघ गं पट्टी आणून. तुझं नाही तर माझं तरी."

सुनेला हसू आलं आणि हसता हसता तिलाही उमळून आलं. दोघी बायका मोरीच्या दोन बाजूंना उभ्या राहून ओकल्या. मासळीच शिळी होती म्हणावं, तर मासळी घरात कुणी खाल्ली नव्हती.

त्या रात्री नाकराणीनं नवऱ्याला स्पष्ट सांगितलं. एक तर ती पिंपं जातील, नाहीतर मी. घाण भिंतीतूनच पाझरते आहे, झरोका बुजवून भागत नाही. दुसरं घर बघा. आई येत असतील तर येतील, नसतील तर त्यांची लेक आहे. नवऱ्यानं थंडी सरेपर्यंत थांब म्हटलं. मधली भिंत पातळ होती. पलीकडे सासूनं कूस बदलल्याचा आवाज आला आणि पेल्यात कवळी टाकल्याचा.

रविवारी नवरा दुपारच्या पाळीवर गेला. सासूनं केस धुवायचे काढले आणि मोरीत शिरली. मोरी स्वयंपाकघरालाच लागून होती, मधली भिंत अर्धीच होती. गीझर भपकन पेटला. सासू हळू आवाजात काहीतरी म्हणत होती. त्या रात्रीचं बोलणं तिनं ऐकलं होतं, हे दोघींना ठाऊक होतं. नाकराणी भांडी घासत होती. हातातला तवा तिला कधी नव्हे इतका जड वाटत होता.

तेवढ्यात नणंदेचा फोन. आईची चौकशी झाली, मग बशीची. बटण दाबता ना आठवड्याला?

"दाबते की," नाकराणी म्हणाली आणि फोन ठेवल्यावर तिला स्वतःचीच चीड आली. खोटं बोलल्याची नाही, या बाईपुढे खोटं बोलावं लागल्याची. तिनं खण उघडला. डांबराच्या गोळ्यांचा भपकारा नाकात गेला. एकदा दाबून टाकू, म्हणजे खोटंही उरणार नाही, म्हणून बशी स्वयंपाकघरात आणून ओट्यावर ठेवली आणि बटण दाबलं. बशी चारदा ओरडली. गप्प झाली. नाकराणीनं तवा पुन्हा हातात घेतला.

तवा विसळून होतो न होतो, तोच बशी ओरडली. बटणाला कुणी हात लावला नव्हता. चारदा. थांबली. चारदा.

बटण अडकलं असेल. तिनं ते नखानं उचकून पाहिलं. अडकलेलं नव्हतं. मग तिनं जन्मभर केलं तेच केलं. डोळे मिटले आणि हुंगलं.

फडक्याचा वास आला. साबणाचा आला. काजळीचा, डांबराच्या गोळ्यांचा, उष्ट्या ताटांचा आला. गॅसचा नाही. आणि मासळीचा नाही. तिनं नाक थेट फुलांच्या ताटव्याला लावलं. नाही. इतके कष्ट केले होते तिनं, की पट्टराणीचा पदरसुद्धा आत येत नव्हता. तरी बशी ओरडत होती. तरी पोटातून ढवळत होतं, नेहमीपेक्षा जोरात, आणि डोळ्यांपुढे ओटा हळूहळू वाकडा होत होता.

घाण नव्हती. मग ही मळमळ कुणाची?

हा प्रश्न तिच्या जड डोक्यात दगडासारखा पडला. आणि त्याच्यामागून नणंदेचा आवाज आला, तो शिकवल्यासारखा आवाज. याला वास नाही.

ज्याला वास नाही ते आहे. तिच्या नाकासमोर आहे, नाकातून आत जातं आहे, बाहेर येतं आहे, आणि नाक दारावरच्या मुजोर पहारेकऱ्यासारखं म्हणतं आहे, कुणी नाही, सगळं ठीक आहे. तिनं गीझरकडे पाहिलं. ज्योत पिवळी, लांब, जिभल्या चाटत होती. आणि तेव्हा तिला कळलं, की मोरीतून पाण्याचा आवाज येतो आहे, गाण्याचा नाही. गाणं कधी थांबलं, ते तिनं ऐकलंच नव्हतं.

"आई," तिनं हाक मारली.

पाणी तेवढं वाजत राहिलं.

सासू गुडघ्यांपायी मोरीला कडी लावत नसे, हे नशीब. ती चौरंगावर भिंतीला टेकून बसली होती, ओले केस तोंडावर, ओठ सैल, कवळी अर्धी बाहेर आलेली. डोळे उघडे होते, पण त्यांत कुणी बसलेलं नव्हतं. नाकराणीनं नळ बंद केला, तशी गीझरची ज्योत भप्पकन विझली. तिनं सासूभोवती टॉवेल गुंडाळला आणि काखेत हात घालून तिला ओढलं. बाई पाण्यानं निसरडी, भिजल्या पिठाच्या गोणीसारखी. नाकराणीचे स्वतःचे पायही जणू दुसऱ्या कुणाचे होते. दोन पावलं ओढल्यावर सासूला उमळून आलं आणि ती सुनेच्या छातीवर ओकली. गरम, आंबट, गळ्यापासून पोटापर्यंत. कवळीही त्याबरोबर बाहेर आली आणि सुनेच्या मुठीत सापडली.

जी बाई पेला सांडशीनं उचलायची, तिनं ती कवळी कमरेला खोचली आणि पुढे ओढायला लागली.

पुढचं दार लांब होतं, दोन खोल्या पार. मागचं दार हाताशी होतं, चिकटपट्टीनं लिंपलेलं. तिनं एका हातानं सासूला धरून दुसऱ्या हातानं पट्टी ओरबाडली. चांगली मारली होती पट्टी, तिचं कुठलंच काम कच्चं नसे. नखं तुटली. शेवटी तिनं दाराला पाय लावून हिसका दिला, पट्टी फर्रकन फाटली, आणि दोघी जणी मासळीवालीच्या चौकात, पिंपांच्या पायथ्याशी, खवल्यांच्या चिखलात जाऊन पडल्या.

आणि घाण आली. पट्टराणी आपल्या सगळ्या लवाजम्यानिशी आली. सडकी, खारट, पित्ताची, रक्ताची, कुजक्या कल्ल्यांची. नाकराणीनं तोंड उघडलं आणि ती छातीभर ओढून घेतली. ओकली, आणि परत ओढून घेतली. तिच्या जन्मात तिनं इतका घाणेरडा श्वास घेतला नव्हता आणि इतका हवासाही. सासूला कुशीवर वळवून तिच्या कानाशी ती एकच सांगत होती, घ्या, आई, घ्या, ओढा आत. नऊवारीत आयुष्य गेलेली ती बाई टॉवेलभर उरलेली, ओठ हलवत होती, आवाज नव्हता.

मासळीवाली हातात सुरी घेऊन दुकानातून मागे आली. काय झालं, हे तिनं विचारलं आणि उत्तर येण्याआधीच अंगावरची जाड घोंगडी काढून म्हातारीवर टाकली. नाकराणीनं घराकडे बोट दाखवून सांगितलं, आत विषारी वायू आहे, कुणी जाऊ नका, बंब बोलवा. मासळीवालीनं खवल्यांच्या हातानं फोन लावला. बशी आत ओरडतच होती. गल्लीतल्या बायका जमल्या, नाकाला पदर लावून. नाकराणी तेवढी उघड्या नाकानं बसली होती.

बंबवाले आले. त्यांच्यातल्या एकाच्या हातातलं यंत्र दारातच किंचाळलं. तोंडावर मुखवटे चढवून ते आत गेले, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. रुग्णवाहिकेत सासूच्या तोंडाला प्राणवायू लावला होता, सुनेच्याही. मुखवट्यातल्या हवेला रबराचा वास होता. तिनं तो मनापासून हुंगला. वास आहे म्हणजे काहीतरी आहे, अशी एक वेडी समजूत तिच्या मनात तेव्हा बसली होती.

रुग्णवाहिका निघायच्या आधी तो बंबवाला मागच्या दारातून बाहेर आला. एका हातात फुलांचं कॅलेंडर, दुसऱ्या हातात कापसाचा काळा पडलेला बोळा. झरोका कुणी बुजवला, असं त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता, कागदावर लिहायचं असतं तेवढ्यापुरता प्रश्न होता. नाकराणीनं मुखवटा बाजूला केला.

"मी," ती म्हणाली. "मला घाण येत होती."

सासू वाचली. दवाखान्यात दोन दिवस ती गप्प पडून राहिली. तिसऱ्या दिवशी कवळी मागितली, तेव्हा नाकराणीनं ती स्वतःच्या हातानं धुऊन, पुसून तिच्या तळहातावर ठेवली. सासूनं कवळीकडे पाहिलं, मग सुनेच्या बोटांकडे.

"सांडशी हरवली का गं?" तिनं विचारलं.

नणंद खाटेच्या पायाशी बसली होती. नाकराणीनं सगळं सांगून टाकलं, पहिल्या ओरडण्यापासून खणापर्यंत. घाणीनं ओरडतंय असं आपणच म्हणालो, हेही. नणंदेनं ऐकून घेतलं, आईचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाली, "कॅलेंडर मात्र छान होतं, वहिनी."

घर पुन्हा सुरू झालं ते उघड्या झरोक्यानं. गीझर दुरुस्त करणाऱ्यानं धुराची नळी साफ केली, ज्योत निळी झाली, झरोक्याला जाळी बसली. बशी भिंतीवर गेली, कपाळाच्या उंचीला. आणि पट्टराणी परत चुलीपाशी येऊन बसली, आता तर हक्कानं. कुणी म्हणेल, ज्या घाणीनं जीव वाचवला ती मग गोड लागायला लागली असेल. छे. नाकराणीला ती पूर्वीइतकीच किळसवाणी वाटायची, पोटात तसंच ढवळायचं. फरक इतकाच, की आता ते ढवळणं पोटापाशीच थांबायचं, डोक्यावर चढायचं नाही. आपली शिसारी कुठली आणि विषाची कुठली, हे तिला वेगळं करता यायला लागलं. पेल्यातली कवळी आपली. नवऱ्याच्या शर्टाची कॉलर आपली. दुसरं घर बघा म्हणून नवऱ्याला सांगितलं होतं, त्यातलं किती आपलं आणि किती त्या वायूचं, हे मात्र तिला अजून नीट सांगता येत नव्हतं. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.

मासळीवालीची घोंगडी तिनं कारखान्यातल्या उत्तम साबणानं धुतली. एकदा धुतली, परत धुतली, आणखी एकदा धुतली. मासळी काही सुटली नाही, पण वरून गुलाब चढला. ती घडी घालून चौकात द्यायला गेली. मासळीवालीनं घोंगडी नाकाला लावली आणि एकदम लांब धरली.

"शी," ती म्हणाली. "काय घाणेरडा वास लावलास गं हिला? मला रात्रभर झोप यायची नाही."

नाकराणीला राग यायला हवा होता. ती त्या चिखलात उभी राहून इतकी हसली, की मांजरं पिंपावरून उतरून पळाली.

त्या संध्याकाळी सासू आंघोळीला गेली. गीझर पेटला. नाकराणीनं ज्योतीकडे पाहिलं, निळी होती. मग सवयीनं ती झरोक्यापाशी गेली आणि जाळीला नाक लावलं. मोरीतून पाण्यावरून आवाज येत होता, नवीन जुळवलेलं काहीतरी:

सून माझी नाकराणी, फसली गं बिनवासाला,
पिंपाच्या घाणीपाशी जीव आला श्वासाला.

गाणं मधेच थांबलं. नाकराणी मोरीच्या दाराकडे वळली.

"येतोय का गं वास?" सासूनं आतून विचारलं.

"येतोय, आई. घाण येतोय."

"मग ठीक आहे."

"वासावर काही ठीक नसतं," नाकराणी म्हणाली. "तुम्ही गात राहा." आणि ती भिंतीपाशी जाऊन, नाकाला पदर लावून, बशीचं बटण दाबायला लागली.